मुक्या पाहुण्याची भेट

आजाऱ्याच्या भेटीस जातांना आपण फळें नेतों, फुलें नेतों, क्वचित् एखादें पुस्तक नेतों. परंतु कोणी कुत्रा बरोबर घेऊन रुग्णालयांत जाऊं लागला, तर आपल्याकडील पहारेकरी त्यास फाटकांतूनच परत लावील. असें असतां जगांतील अनेक रुग्णालयांत, वृद्धाश्रमांत व मतिमंद मुलांच्या शाळांत सांप्रत कुत्रे, मांजरें, ससे, इतकेंच काय पण लहान चणीचे घोडेदेखील नेमानें भेटीस जात असतात. आणि त्यांस नेणारे बहुतेक लोक एक पैसाही न घेतां हें काम करतात. हा प्रकार काय आहे, त्यापासून लाभ कोणता, धोका कोणता, आणि आपल्यासारख्यांस त्यांत काय करतां येईल, याचा थोडा विचार या लेखांत करण्याचें योजिलें आहे. गेल्या वर्षीं आम्हीं स्वतः या कामांत पाऊल टाकिलें. त्यांत आमच्या हातून ज्या चुका झाल्या, त्याही येथें सांगितल्या आहेत. कारण चुकांपासून वाचकांस अधिक शिकतां येईल, असें आम्हांस वाटतें.

मुक्या प्राण्याविषयीं ममता ही आपणांस नवी नाहीं. धर्मराजानें स्वर्गाच्या दाराशीं पोहोंचल्यावरही बरोबरच्या कुत्र्यास सोडिलें नाहीं, आणि भाकरी घेऊन पळालेल्या कुत्र्याच्या मागें नामदेव तुपाची वाटी घेऊन धांवले, या कथा आपण लहानपणापासून ऐकतों. परंतु या कथांत मनुष्य प्राण्यावर दया करतो. आमच्या आजच्या विषयांत उलट आहे. येथें प्राणी मनुष्याच्या उपयोगीं पडतो.

या गोष्टीची सुरुवात बरीच जुनी आहे. इंग्लंडांत यॉर्क येथें १७९६ सालीं टयूक नांवाच्या गृहस्थानें मनोरुग्णांकरितां एक आश्रम उघडला. त्या काळीं अशा रुग्णांस सांखळदंडांनीं बांधून ठेवीत. या आश्रमांत मात्र अंगणांत ससे व कोंबड्या पाळल्या होत्या, आणि त्यांची निगा राखण्यांत रुग्णांचें मन रमत असे. पुढें १८५९ सालीं फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीं शुश्रूषेवर जें प्रसिद्ध पुस्तक लिहिलें, त्यांतही दीर्घकाळ अंथरुणास खिळलेल्यांस एखादा लहान पाळीव प्राणी उत्तम सोबती होतो, असें मत नमूद आहे. दुसऱ्या महायुद्धांत न्यूगिनीच्या जंगलांत १९४४ सालीं एक अगदीं चिमुकली कुत्री सांपडली. तिचें नांव स्मोकी. तिचा धनी विल्यम विन हा सैनिक आजारी पडून इस्पितळांत गेला, तेव्हां मित्रांनीं तिला त्याच्या भेटीस आणिलें. आणि तिला पाहून शेजारच्या जखमी सैनिकांचेही चेहरे खुलले, म्हणून परिचारिका तिला खाटेखाटेवर फिरवूं लागल्या.

त्यानंतर न्यूयॉर्क शहरांतील बोरिस लेव्हिन्सन या मानसशास्त्रज्ञास एक चमत्कारिक अनुभव आला. कोणाशींही न बोलणारा एक मुलगा ठरलेल्या वेळेच्या आधींच त्यांच्याकडे आला. त्या वेळीं त्यांचा जिंगल्स नांवाचा कुत्रा खोलींतच होता. मुलगा कुत्र्याशीं खेळूं लागला, आणि कुत्र्याच्या निमित्तानें हळूहळू डॉक्टरांशींही बोलूं लागला. १९६१ सालीं त्यांनीं हा अनुभव आपल्या व्यवसायबंधूंच्या सभेंत सांगितला, तेव्हां कित्येक जण हंसले. आज मात्र कोणी हंसत नाहीं. अमेरिकेंत १९७७ सालीं व इंग्लंडांत १९८३ सालीं या कार्याकरितां मोठ्या संस्था स्थापन झाल्या. हाँगकाँगमध्यें १९९१ सालीं जिल रॉबिन्सन यांनीं 'डॉक्टर डॉग' नांवाचा उपक्रम सुरूं केला, व तो पुढें चेन्नईपर्यंत येऊन पोहोंचला. आपल्या महाराष्ट्रांतही मुंबई व पुणें येथें मीनल कवीश्वर या मानसशास्त्रज्ञ बाईंनीं स्थापिलेली 'ॲनिमल एंजल्स फाउंडेशन' ही संस्था शिकविलेले कुत्रे घेऊन विशेष मुलांच्या शाळांत व रुग्णालयांत काम करीत आली आहे.

येथें एक भेद ध्यानांत ठेवावा. मानसोपचारतज्ज्ञ विशिष्ट रुग्णासाठीं विशिष्ट हेतु ठरवून, प्रत्येक भेटीची नोंद ठेवून प्राण्याची मदत घेतो, तेव्हां तो उपचार होय. स्वयंसेवक आपला शांत कुत्रा घेऊन वृद्धाश्रमांत तासभर बसतो, ती केवळ भेट होय. पहिलें काम विद्येचें आहे, दुसरें सद्भावाचें. परंतु दोहोंसही शिस्त सारखीच लागते.

आतां अशा भेटीनें होतें तरी काय? प्राण्याच्या अंगावरून शांतपणें हात फिरविला असतां पुष्कळांच्या नाडीचा वेग व रक्ताचा दाब थोडा उतरतो, असें पाहण्यांत आलें आहे. परंतु खरा लाभ एकटेपणा कमी होण्यांत आहे. अमेरिकेंत २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत दीर्घकालीन शुश्रूषागृहांतील वृद्धांचे तीन गट केले होते. एका गटाकडे कुत्रा नेला नाहीं, दुसऱ्याकडे आठवड्यांतून एकदां अर्धा तास नेला, व तिसऱ्याकडे तीनदां नेला. ज्यांच्याकडे कुत्रा गेला, त्या दोन्ही गटांतील वृद्धांचा एकटेपणा कमी झाला. तथापि कुत्र्याच्या भेटीनें रोग बरा होतो किंवा गेलेली स्मृति परत येते, असें कोणी म्हणेल तर त्यावर विश्वास ठेवूं नये. औषधाची जागा औषधानेंच भरावयाची असते.

आमचें उल्हासनगर हें मुळांतच घर सोडून आलेल्यांचें गांव. युद्धकालीन लष्करी छावणीच्या बराकींत १९४७ नंतर सिंधमधून आलेलीं कुटुंबें राहूं लागलीं. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्तें नगराची कोनशिला बसली, आणि छावणीचें 'कॅम्प' हें नांव आमच्या कॅम्प नंबर १ प्रमाणें सर्व वस्त्यांस कायमचें चिकटलें. त्या वेळीं जीं आठ-दहा वर्षांचीं मुलें होतीं, तीं आज नव्वदीच्या उंबरठ्यावर आहेत. त्यांच्यापैकीं कित्येकांचीं मुलें-नातवंडें परदेशीं गेलीं. कांहीं वृद्ध घरीं एकटे राहतात, कांहीं आश्रमांत.

बदलापुराच्या बाजूस असलेल्या अशाच एका वृद्धाश्रमांत आम्ही गेल्या वर्षीं नववीच्या कांहीं विद्यार्थ्यांसह जाऊं लागलों. एका पालकांचा मोती नांवाचा सहा वर्षांचा गांवठी कुत्रा व स्वतः ते पालक आमच्याबरोबर असत. मोती स्वभावानें अतिशय गरीब. भांडें पडलें, दार आपटलें, तरी जागचा हलत नसे. त्यास सर्व लसी टोंचलेल्या होत्या, आणि पशुवैद्यानें त्याची तपासणीही केली होती. एवढी तयारी झाली म्हणजे सर्व झालें, अशी आमची समजूत होती.

पहिल्याच दिवशीं ती समजूत चुकीची ठरली. आम्ही उत्साहाच्या भरांत स्त्रियांच्या दालनांत थेट शिरलों. कोपऱ्यांतील खाटेवरच्या आजींनीं मोतीस पाहिलें मात्र, आणि त्या भीतीनें ओरडूं लागल्या. लहानपणीं त्यांस कुत्रा चावला होता, हें मागाहून कळलें. मोतीनें कांहीं केलें नव्हतें. परंतु आजींचे हात कितीतरी वेळ थरथरत होते. घरीं आलेला पाहुणा आपणांस नको असेल, तर आपण दुसऱ्या खोलींत जाऊन बसतों. त्या आजींचे गुडघे निकामी झालेले. त्यांस उठून जातां येत नव्हतें. जो मनुष्य उठून जाऊं शकत नाहीं, त्याच्याजवळ जाण्यापूर्वीं त्याची अनुज्ञा घेणें हें दुप्पट अगत्याचें असतें. ही साधी गोष्ट आम्हां शिकविणाऱ्यांसच सुचली नाहीं, याची लाज वाटते. आश्रमाच्या बाई भेटी बंदच करावयास निघाल्या होत्या, आणि त्यांचें कांहीं चुकत नव्हतें.

आम्हीं क्षमा मागितली व पुढील नियम लिहून दिले. भेटीच्या आदल्या दिवशीं प्रत्येकास विचारावें, आणि ज्यानें होकार दिला त्याच्याकडेच जावें. होकार देणाऱ्यासही ऐन वेळीं नको म्हणण्याची मोकळीक असावी. कुत्रा सदैव दोरीनें बांधलेला व त्याच्या धन्याच्या हातीं असावा. ज्यांस दमा आहे, उघडी जखम आहे किंवा केसांनीं शिंका येतात, त्यांच्यापासून दूर राहावें. भेटीपूर्वीं कुत्र्यास स्वच्छ करावें, त्याचीं नखें कापावीं, अंगावर गोचीड नाहींत हें पाहावें. भेटीच्या आधीं व नंतर सर्वांनीं साबणानें हात धुवावे. त्या कोपऱ्यांतील आजींच्या दालनांत मोती पुन्हां गेला नाहीं. एक विद्यार्थिनी मात्र दर खेपेस त्यांच्याजवळ जाऊन बसे व त्यांस वर्तमानपत्र वाचून दाखवी.

प्राण्याचीही बाजू पाहिली पाहिजे. अमेरिकेंतील त्या संस्थेचा नियम असा आहे कीं, कुत्रा निदान एक वर्षाचा असावा, स्वयंसेवकाजवळ सहा महिने तरी राहिलेला असावा, आणि दिवसांतून दोन तासांहून अधिक काम त्यास देऊं नये. कुत्रा बोलत नाहीं, पण त्याची भाषा आहे. तो वारंवार जांभई देऊं लागला, ओठ चाटूं लागला, तोंड वळवूं लागला किंवा शेंपूट पायांत घालूं लागला, कीं तो त्रासला आहे असें समजून त्यास बाहेर न्यावें. आपली सेवा दुसऱ्या जिवाच्या छळावर उभी राहूं नये.

येथें बालवाचकांस एक निक्षून सांगणें आहे. हा लेख वाचून कोणीं रस्त्यावरील अनोळखी कुत्र्यास अगर पिलास उचलून कोणाच्या भेटीस नेऊं नये. कुत्र्याच्या चाव्यापासून होणारा रेबीज हा रोग एकदां अंगांत प्रकट झाला म्हणजे त्यांतून मनुष्य बहुधा वांचत नाहीं. परंतु वेळेवर लस घेतल्यास तो टळतो. म्हणून कुत्रा चावल्यास किंवा त्यानें ओरबाडल्यास जखम वाहत्या पाण्यानें व साबणानें पंधरा मिनिटें धुवावी, आणि त्याच दिवशीं डॉक्टरकडे जावें. घरच्यांच्या रागाच्या भयानें चावा लपवून ठेवूं नये. पालकांनींही अशा वेळीं मुलास आधीं डॉक्टरकडे न्यावें, रागें मागाहून भरावें.

आतां एका वृद्ध गृहस्थांची हकीकत सांगून हा लेख संपवितों. आश्रमांतील सर्व त्यांस दादा म्हणत. ते कोणाशीं फारसे बोलत नसत. मोती त्यांच्या खुर्चीपाशीं जाऊन बसला, तेव्हां ते त्याच्याशीं सिंधींत बोलूं लागले. आमच्यांतील एका मुलाच्या घरीं सिंधीच बोलतात. त्यास तें समजलें, आणि त्यानें सिंधींतच उत्तर दिलें. दादांनीं चमकून वर पाहिलें. मग सिंधमधील आपलें अंगण, तेथें खुंटीस बांधलेली बकरी, निघण्याच्या रात्रीं तिची दोरी सोडून तिला शेजाऱ्यांच्या दारांत उभी केली ती घटना, हें सर्व ते त्या मुलास सांगूं लागले. तेव्हांपासून दर शनिवारीं तो मुलगा खालीं बसे, मोती मधें बसे, आणि दादा बोलत.

पुढें मोतीच्या पायास जखम झाली. पशुवैद्यानें तीन आठवडे विश्रांति सांगितली, आणि कुत्राच नाहीं तर जाऊन काय करावयाचें, असें समजून आम्हींही ते तीन शनिवार घरीं घालविले. निरोप धाडण्याचेंही कोणास सुचलें नाहीं. चौथ्या शनिवारीं गेलों, तेव्हां दादा फाटकापाशीं खुर्ची टाकून बसले होते. आश्रमाच्या बाई म्हणाल्या, "तिन्ही शनिवारीं ते असेच बसले होते." आम्हीं मोतीच्या जखमेची हकीकत सांगितली. दादांनीं मोतीच्या पायावरून हात फिरविला, आणि मग त्या मुलाकडे वळून विचारलें, "कुत्र्याचा पाय दुखत होता, हें समजलें. तुझ्या पायास काय झालें होतें?"

या प्रश्नास मुलाजवळ उत्तर नव्हतें आणि आमच्याजवळही नव्हतें. मोती हा केवळ दार उघडणारा होता. दार उघडल्यावर आंत मनुष्यानें जावयाचें असतें, आणि एकदां गेल्यावर जात राहावयाचें असतें. ज्यास नेमानें जाणें शक्य नाहीं, त्यानें असें काम आरंभूंच नये; कारण आधींच सोडून दिलेल्यास पुन्हां एकदां सोडून देण्यासारखें क्रौर्य नाहीं.

यंदा परीक्षेच्या दिवसांतही दोन-दोन विद्यार्थ्यांनीं पाळीपाळीनें जावयाचें ठरलें आहे. मोती असो वा नसो. ज्या पालकांच्या घरीं शांत स्वभावाचा व लस टोंचलेला कुत्रा असेल, त्यांनीं आम्हांस अवश्य कळवावें. ज्यांच्या घरीं कुत्रा नाहीं, त्यांनींही कळवावें. आपल्याच चाळींत, आपल्याच बराकींत एखादे आजोबा अथवा आजी दाराकडे डोळे लावून बसलेलीं असतील. तेथें जाण्यास तर कोणत्याही निमित्ताची गरज नाहीं.