हातांची फिर्याद नोंदवणारं ठाणं

ऐकू-बोलू न शकणाऱ्या तरुणाची मजुरी कुणी बुडवली किंवा त्याच्यावर हात उगारला, तर त्यानं दाद कुठे मागायची? लिहिता येत नसेल तर तो ठाणे अंमलदारापुढे हातवारे करत राहतो आणि सोबत आलेला नातेवाईक किंवा शेजारी त्याच्या वतीनं बोलतो. तक्रार त्या शेजाऱ्याविरुद्धच असेल, तर सगळंच खुंटलं. इंदूरच्या तुकोगंज ठाण्यानं ही कोंडी फोडली. २००२ साली तिथे मूकबधिरांसाठी पोलीस सहायता केंद्र सुरू झालं.

त्यामागे ज्ञानेंद्र आणि मोनिका पुरोहित हे दांपत्य आहे. ज्ञानेंद्र यांचा भाऊ आनंद कर्णबधिर होता. रेल्वे अपघातात तो गेला आणि त्याच्या नावानं आनंद सर्व्हिस सोसायटी उभी राहिली.

हातवाऱ्यांतून दिलेला जबाब घेणं सबुरीचं काम. दुभाष्या समोरासमोर बसतो, उजेड दोघांच्या चेहऱ्यावर आणि हातांवर हवा. प्रश्न एका वेळी एकच. कधी घडलं हे विचारायला कॅलेंडर, कुठे घडलं यासाठी फोटो किंवा नकाशा. खेड्यांतल्या कित्येकांना भारतीय सांकेतिक भाषा शिकायलाच मिळालेली नसते; घरच्या चार खुणांवर त्यांचं आयुष्य चाललेलं असतं. मग प्रत्येक खूण उलटसुलट पडताळून घ्यावी लागते. आपलं उत्तर त्याच्या पदरात टाकून चालत नाही. पुरावा कायद्यातल्या २०१३ च्या दुरुस्तीनं तर बोलू न शकणाऱ्या साक्षीदाराची दुभाष्यामार्फत घेतलेली साक्ष चित्रित करणं न्यायालयांना बंधनकारक केलं.

गीताची कहाणी अनेक मराठी घरांना ठाऊक आहे. लहानपणी वाट चुकून पाकिस्तानात पोहोचलेली, कराचीत बिल्किस ईधी यांनी सांभाळलेली ही मूकबधिर मुलगी २६ ऑक्टोबर २०१५ रोजी मायदेशी परतली आणि इंदूरला राहू लागली. २०२० मध्ये तिची जबाबदारी आनंद सोसायटीकडे आली. रेल्वे स्टेशन, नदी, देऊळ, उसाची शेतं असं ती हातांनी सांगे. त्या खुणांचा माग काढत ही मंडळी मराठवाड्यात पोहोचली. २०२१ मध्ये परभणी भागातल्या एका आईनं तिला आपली हरवलेली राधा म्हणून ओळखलं. पण माणसाला घर सापडलं म्हणजे आयुष्य मार्गी लागलं असं होत नाही. गीतानं अभ्यास चालू ठेवला, तिशी उलटल्यावर आठवीची परीक्षा दिली आणि २०२४ मध्ये ती उत्तीर्ण झाली. तिला स्वतःच्या पायांवर उभं राहायचं होतं.

तुकोगंजचं मोल मला यातच दिसतं. कर्णबधिर तरुणानं धडधाकट दिसावं, ओठ वाचावेत, कसंबसं बोलावं, अशी सगळी मेहनत आपण त्याच्याच गळ्यात मारतो. इथे मेहनत ठाण्यानं घेतली. असा तरुण एकटा घराबाहेर पडतो, नोकरी धरतो, लग्न करतो, फसवणूक झाली तर भांडतो, ते पाठीशी व्यवस्था आहे या भरवशावर. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं आपल्या भाषेत दाद मागण्याचा हा हक्क कागदावर मान्य केला. आता प्रत्येक जिल्ह्यातल्या निदान एका ठाण्यात, एका सरकारी दवाखान्यात सांकेतिक भाषेचा पगारी दुभाष्या बसवा. इंदूरला २००२ मध्ये जे जमलं, ते आपल्या जिल्ह्यांना आज न जमण्याचं काहीच कारण नाही.