लॅक्स्टन: कुंपणाबाहेर राहिलेले गाव

इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमशर परगण्यात लॅक्स्टन नावाचे गाव आहे. तिथे शेतकऱ्यांची घरे, गोठे आणि कोठारे मुख्य रस्त्यालाच लागून आहेत. इतरत्र इंग्रज शेतकरी बहुधा गावाबाहेर, आपल्या कुंपणबंद रानात राहतो. लॅक्स्टनला ते सोयीचे नव्हते, कारण कुणाचीच जमीन एका जागी नव्हती.

1086च्या डूम्सडे नोंदवहीत हे गाव आहे. नॉर्मन सरदारांनी उत्तरेला बांधलेल्या गढीची टेकाडे अजून दिसतात. गावाची घडण मात्र गढीने नव्हे, तीन मोठ्या शेतांनी केली: वेस्ट फील्ड, साउथ फील्ड आणि मिल फील्ड. पाळीपाळीने एकात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतातले पीक, तिसरे पडीक आणि चराईला मोकळे. म्हणून प्रत्येकाचे पट्टे तिन्ही शेतांत असणे भाग होते. हलकी आणि कसदार जमीनही त्यामुळे वाटली गेली.

1635मध्ये मार्क पीअर्स याने गावाचा नकाशा काढला. पट्टा न् पट्टा त्यात आहेच, शिवाय नांगरणारी, कापणी करणारी माणसेही रंगवली आहेत. नकाशा करवून घेणारा जमीनदार होता लंडनचा व्यापारी सर विल्यम कोर्टन. त्याच वर्षी त्याच्या व्यापारी मंडळीला पहिल्या चार्ल्स राजाकडून पूर्वेच्या व्यापाराचा परवाना मिळाला. पुढच्या वर्षी तिची जहाजे गोव्याला पोहोचली आणि नंतर कारवारला वखार उघडली गेली.

मग कुंपणांचे युग आले. 1604 ते 1914 या काळात संसदेच्या 5,200हून अधिक कायद्यांनी सुमारे 68 लाख एकर जमीन कुंपणाखाली गेली. उत्पन्न वाढले, पण सामाईक चराईवर जगणाऱ्या गरिबांच्या पायाखालची जमीन सरकली. लॅक्स्टनचीही काही जमीन कुंपणात गेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विखुरलेले पट्टे एकत्र करून मोठे केले गेले. तीन शेते मात्र राहिली. 1952मध्ये अर्ल मॅनव्हर्स यांच्याकडून गाव कृषी मंत्रालयाने घेतले, 1981मध्ये ते क्राउन इस्टेटकडे गेले आणि 2020मध्ये थोर्सबी इस्टेटकडे आले.

मालक बदलत राहिले, पण शेताचा कारभार गावाच्या न्यायसभेकडेच राहिला. नोव्हेंबरअखेरीस शेतकऱ्यांमधूनच नेमलेले पंच नव्याने गहू पेरलेल्या शेतात फिरतात आणि हद्दीचे खुंट ठोकतात. कुणी शेजाऱ्याची हद्द कोरली, वाट नांगरली, की नोंद होते. काही दिवसांनी डव्हकोट इन या गावच्या पबमध्ये सभा भरते, दंड ठरतो आणि पुढच्या वर्षाचे पंच शपथ घेतात.

लॅक्स्टनला जुन्या काळाचा नमुना म्हणून जपणे पुरेसे नाही. ही कुळांची वस्ती होती आणि आजही जमीन इस्टेटची आहे. समतेचे स्वप्न इथे शोधू नये. तरीही एक गोष्ट इथे सिद्ध झाली आहे: ज्यांना शेजारीशेजारी नांगरायचे आहे, त्यांच्याच हाती हद्दीचा निवाडा दिला, तर सामाईक व्यवस्था शतकानुशतके चालते. जमीन सामाईक असली की ती उजाड होणारच, असे मानणाऱ्यांनी या गावाचा हिशेब आधी तपासावा.