‘बट’ : एक कर्ता, दोन क्रिया

संध्याकाळच्या अभ्यासवर्गात मुलांना इंग्रजी शिकविताना एक गोष्ट आमच्या वारंवार ध्यानात आली आहे. मुलांना शब्द येतात, क्रियापदांची तिन्ही रूपे तोंडपाठ असतात. परंतु दोन क्रिया एकाच वाक्यात जोडण्याची वेळ आली की ती अडखळतात. त्यातही ‘हे केले, पण ते झाले नाही’ असा विरोध दाखवायचा असेल तर चुका हमखास होतात. नोकरीच्या अर्जात आणि मुलाखतीत नेमकी अशीच वाक्ये लागतात. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने हा विषय विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहोत.

मराठी व्याकरणात पण, परंतु, परी, किंतु यांना न्यूनत्वबोधक उभयान्वयी अव्यये म्हणतात. पहिल्या विधानात काही उणे राहिले आहे, असे दुसरे विधान सांगते. म्हणून हे नाव. इंग्रजीत हे काम मुख्यतः ‘बट’ आणि ‘येट’ हे दोन शब्द करतात. अपेक्षेच्या अगदी उलट घडले, हे ठसवायचे असेल तेव्हा ‘येट’ वापरतात. एरवी ‘बट’ पुरेसा होतो.

कर्ता एकदाच

‘त्याने खूप अभ्यास केला, पण तो नापास झाला,’ हे वाक्य घ्या. मराठीत पहिल्या भागात ‘त्याने’ आहे, दुसऱ्यात ‘तो’ आहे. भूतकाळात ‘करणे’सारखे सकर्मक क्रियापद आले की कर्त्याला ‘ने’ लागतो. ‘होणे’ अकर्मक, तेथे तो लागत नाही. कर्त्याचे रूप असे बदलत असल्याने तो पुन्हा सांगावा, असे आपल्याला वाटते. इंग्रजीत मात्र दोन्हीकडे ‘ही’ हेच रूप राहते. म्हणून ‘ही स्टडीड हार्ड बट फेल्ड’ एवढे म्हटले की काम झाले. दुसऱ्यांदा ‘ही’ म्हटल्यास चूक होत नाही, पण वाक्य उगाच लांबते.

येथे ‘बट’ने दोन पूर्ण वाक्ये जोडलेली नाहीत, एकाच कर्त्याची दोन विधेये जोडली आहेत. अशा वेळी ‘बट’च्या आधी सहसा स्वल्पविराम देत नाहीत. दुसरा कर्ता आला की मात्र द्यावा : ‘ही पास्ड, बट हिज ब्रदर फेल्ड.’

सहायक क्रियापद कुठवर पोहोचते?

खरी अडचण येथे आहे. ‘आय हॅव अप्लाइड बट नॉट रिसीव्ड अ रिप्लाय,’ म्हणजे ‘मी अर्ज केला आहे, पण उत्तर मिळालेले नाही.’ यातील ‘हॅव’ दोन्ही क्रियांना लागू आहे. म्हणून ‘अप्लाइड’ आणि ‘रिसीव्ड’ ही दोन्ही तिसरी रूपे हवीत. विद्यार्थी ‘नॉट’ दिसला की पुढे ‘रिसीव्ह’ लिहितात, ते चूक. तसेच ‘शी कॅन रीड इंग्लिश बट नॉट स्पीक इट’ यात ‘कॅन’ दोन्हीकडे पोहोचतो, म्हणून ‘स्पीक’ला ‘एस’ लागत नाही.

उलट, ‘ही डिड नॉट कम्प्लेन बट वर्क्ड टिल मिडनाइट’ हे पाहा. त्याने तक्रार केली नाही, तर मध्यरात्रीपर्यंत काम केले. येथे ‘डिड नॉट’चा अंमल ‘कम्प्लेन’पुरताच आहे. ‘बट’नंतरच्या क्रियेला आपला भूतकाळ स्वतः दाखवावा लागतो, म्हणून ‘वर्क्ड’. लिहिण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : मागचे सहायक क्रियापद या क्रियेलाही लागू आहे काय? असेल तर रूप त्याप्रमाणे. नसेल तर क्रिया स्वतंत्र समजून तिचा काळ द्यावा.

जरी–तरीचा चकवा

मराठीत ‘जरी’ आला की मागोमाग ‘तरी’ येतो. ही जोडी आपल्या जिभेवर इतकी बसलेली असते की, इंग्रजी बोलतानाही ‘ऑल्दो’ म्हटल्यावर ‘बट’ आपोआप बाहेर पडतो. आमच्या पहिल्या मुलाखतीत आम्हीही ‘ऑल्दो आय स्टडीड इन अ व्हिलेज, बट आय पास्ड’ असे म्हटलो होतो. समोरचे गृहस्थ हसले. चूक कोणती, हे त्यांनी सांगितले नाही आणि आम्हाला ती पुढे कित्येक महिने कळली नाही. इंग्रजीत दोहोंपैकी एकच शब्द चालतो. ‘ऑल्दो ही स्टडीड हार्ड, ही फेल्ड’ किंवा ‘ही स्टडीड हार्ड बट फेल्ड.’ ‘ऑल्दो’ वापरल्यास कर्ता पुन्हा सांगावा लागतो. ‘बट’ वापरल्यास तो वाचतो.

‘हाउएव्हर’चा अर्थही ‘परंतु’ असाच आहे. पण ते उभयान्वयी अव्यय नव्हे, क्रियाविशेषण आहे. म्हणून नुसता स्वल्पविराम देऊन त्याने दोन वाक्ये जोडता येत नाहीत. आधीचे वाक्य पूर्णविराम किंवा अर्धविराम देऊन संपवावे आणि मग ‘हाउएव्हर’ लिहावे.

‘बट’च्या पोटात काय दडलेले असते?

व्याकरण येथे संपते, पण विषय संपत नाही. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याला मिळालेले शिफारसपत्र आमच्या वाचनात आले. लिहिणारे गुरुजी भल्या मनाचे होते. त्यांनी लिहिले होते : ‘ही लिव्ज इन अ स्लम बट वर्क्स हार्ड.’ झोपडपट्टीत राहतो, पण मेहनत करतो. व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य बिनचूक आहे. परंतु ‘बट’ हा शब्द दोन गोष्टींत विरोध आहे, असे गृहीत धरतो. झोपडपट्टीत राहणारा मेहनती नसतो, अशी समजूत असल्याशिवाय येथे ‘बट’ येऊच शकत नाही. स्तुती एकाची झाली आणि कमीपणा साऱ्या वस्तीच्या वाट्याला आला. असे वाक्य आपण आपल्याविषयी लिहू नये आणि दुसऱ्याने लिहिले तर ते ओळखावे. तेथे ‘अँड’ लिहावे किंवा पहिला भाग गाळावा.

दुसरी गोष्ट क्रमाची. वाचणाऱ्याच्या मनात ‘बट’नंतरचा भाग अधिक ठसतो. ‘आय नो टायपिंग बट हॅव नो एक्स्पीरियन्स’ म्हटले की अनुभव नाही, एवढेच लक्षात राहते. ‘आय हॅव नो एक्स्पीरियन्स बट नो टायपिंग वेल’ म्हटले की टायपिंग लक्षात राहते. दोन्ही वाक्ये खरीच आहेत. उणी बाजू आधी आणि जमेची बाजू नंतर मांडावी, इतकेच. (येथे ‘हॅव’नंतरचा ‘नो’ म्हणजे ‘नाही’ आणि ‘बट’नंतरचा ‘नो’ म्हणजे ‘येते, ठाऊक आहे’. उच्चार सारखा असला तरी स्पेलिंग वेगळे आहे.)

सरावासाठी

पुढील वाक्ये इंग्रजीत करावीत. कर्ता एकदाच घ्यावा.

१. तिने पत्र उघडले, पण उत्तर दिले नाही.
२. आम्ही लवकर निघालो, तरी आमची गाडी चुकली.
३. तो पोहू शकतो, पण सायकल चालवू शकत नाही.

उत्तरे : १. शी ओपन्ड द लेटर बट डिड नॉट रिप्लाय. २. वुई स्टार्टेड अर्ली येट मिस्ड द ट्रेन. ३. ही कॅन स्विम बट नॉट राइड अ सायकल.

रोज अशी पाच वाक्ये स्वतःच्या दिनक्रमावर लिहावीत आणि मोठ्याने वाचावीत. महिनाभरात जीभ सरावते. आमच्या मुलामुलींनी मुलाखतीच्या खोलीत आपली बाजू अचूक वाक्यांत आणि मान वर करून मांडावी, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.