मुख्य प्रत कोणती?

एखाद्या मोठ्या पेढीची रोजकीर्द एकाच वहीत लिहिली जात असेल, तर ती वही जळताच सारा व्यवहार ठप्प होतो. म्हणून तिची नक्कल दुसऱ्या ठिकाणी ठेवणे हा शहाणपणाचा मार्ग होय. संगणकावरील माहितीसाठ्याच्या, म्हणजेच डेटाबेसच्या, बाबतीतही हेच केले जाते. नवी नोंद फक्त मुख्य प्रतीत होते; इतर संगणकांवरील अनुगामी प्रती ती क्रमाने उतरवून घेतात. मुख्य प्रत बंद पडल्यास अनुगामी प्रतींपैकी एकीला तिच्या जागी बसवावे लागते.

हे काम माणसांवर सोपविले, तर त्यात मोलाचा वेळ जातो. या गरजेतून ‘ऑर्केस्ट्रेटर’सारखी साधने निर्माण झाली. मायएसक्यूएल या डेटाबेससाठी श्लोमी नोआख यांनी रचलेले हे साधन सर्व प्रतींचा नकाशा आपल्यापाशी बाळगते. मुख्य प्रतीशी स्वतःचा संपर्क तुटला, एवढ्यावरून ते तिला मृत ठरवीत नाही. अनुगामी प्रतींचाही तिच्याशी संबंध तुटला आहे काय, हे ते पाहते. पुढे त्यात ‘राफ्ट’ या पद्धतीची भर पडली. दिएगो ओंगारो व जॉन औस्टरहाउट यांनी 2014 मध्ये मांडलेल्या या पद्धतीनुसार, साधनाच्या निरनिराळ्या ठिकाणच्या घटकांपैकी बहुसंख्य घटक ज्या बाजूस असतील, त्याच बाजूला निर्णयाचा अधिकार मिळतो.

परंतु बहुमताचा निर्णय नेहमी हितकर असतोच असे नाही. 21 ऑक्टोबर 2018 रोजी गिटहब या संस्थेत याचा प्रत्यय आला. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील तिच्या केंद्रात एक सदोष उपकरण बदलताना जाळ्याचा संपर्क अवघी 43 सेकंद तुटला. तेवढ्या अवधीत इतरत्र असलेल्या घटकांनी बहुमत जमविले आणि पश्चिम किनाऱ्यावरील प्रतींना मुख्य प्रतींचे स्थान दिले. पूर्वेकडे झालेल्या काही सेकंदांच्या नोंदी मात्र पश्चिमेकडे पोहोचल्याच नव्हत्या. संपर्क पुन्हा जुळला, तोवर पश्चिमेकडे नव्या नोंदी सुरू झाल्या होत्या. आता दोन्ही वह्यांत अशा नोंदी होत्या, की ज्या दुसरीत नव्हत्या.

तंत्रज्ञांपुढे पेच उभा राहिला. घाईने जुनी व्यवस्था परत आणावी, तर ग्राहकांच्या नोंदी गमावण्याचा धोका होता. तेव्हा सेवा मंदावली तरी चालेल, पण माहिती शाबूत राहिली पाहिजे, असा निश्चय त्यांनी केला. राखीव साठ्यांतून प्रती पुन्हा उभारण्यात कित्येक तास गेले. 43 सेकंदांच्या खंडामुळे सेवा 24 तास 11 मिनिटे विस्कळीत राहिली. सर्वाधिक वर्दळीच्या समूहांपैकी एकातच अशा 954 नोंदी निघाल्या.

साधनाने आपल्या नियमांचे उल्लंघन केले नव्हते. नियमच परिस्थितीला अपुरे पडले होते. त्यानंतर संस्थेने ऑर्केस्ट्रेटरची मांडणी बदलली. मुख्य प्रतीचे स्थान एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात आपोआप हलविण्यास त्याला मनाई करण्यात आली. याचीही किंमत आहे. एखादा सबंध प्रदेशच बंद पडला, तर पुढचा निर्णय माणसालाच घ्यावा लागतो आणि त्याला उशीर होतो. तथापि काही प्रसंगी थोडा विलंब सोसणे हे चुकीच्या वहीत तत्परतेने लिहू लागण्यापेक्षा अधिक श्रेयस्कर ठरते.