एकटीचा रंगमंच : सुषमा देशपांडे यांची एकपात्री नाटके आणि खान्देश

सुषमा देशपांडे यांचे 'व्हय, मी सावित्रीबाई' हे एकपात्री नाटक 1989 मध्ये रंगमंचावर आले. संहिता त्यांची आणि भूमिकाही त्यांचीच. त्या पत्रकारितेतून नाटकाकडे आलेल्या होत्या. माहिती गोळा करायची, माणसांशी बोलायचे आणि मग लिहायचे, ही सवय त्यांच्या पुढच्या सगळ्या कामात दिसते.

मराठीत एकट्याने रंगमंच भरून टाकणाऱ्यांची परंपरा त्याआधीही होती. पु. ल. देशपांडे यांनी 1961 मध्ये 'बटाट्याची चाळ' उभी केली. लक्ष्मण देशपांडे यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये 52 पात्रे एकट्याने रंगवली. या प्रयोगांत प्रेक्षक नटाच्या करामतीला दाद देतो. एक माणूस इतकी माणसे कशी होतो, याचेच नवल तिथे मोठे असते. सुषमा देशपांडे यांनी हा मार्ग धरला नाही. त्यांच्या नाटकात एकच बाई येते आणि स्वतःची हकिकत समोरच्यांना सांगते. अंगावर लुगडे, कपाळाला कुंकू. नेपथ्य जवळजवळ नाहीच. त्यामुळे नाट्यगृहाचे अडत नाही. प्रयोग शाळेत होतो, गावच्या चौकात होतो, महिला मेळाव्यातही होतो. ज्या बायका तिकीट काढून नाटकाला कधी गेल्या नसतील, त्यांच्यापर्यंत हे नाटक पोचले ते यामुळेच.

काळही अनुकूल होता. ज्योती म्हापसेकर यांचे 'मुलगी झाली हो' 1983 पासून स्त्रीमुक्ती संघटनेमार्फत गाजत होते आणि स्त्री-चळवळीला नाटकाची ताकद कळली होती. सावित्रीबाईंचे समग्र वाङ्मय मा. गो. माळी यांच्या संपादनाखाली 1988 मध्ये प्रसिद्ध झाले. 1990 हे जोतीरावांच्या स्मृतिशताब्दीचे वर्ष समोर होते. तरीही सर्वसामान्य वाचकाच्या मनात सावित्रीबाई होत्या त्या 'जोतीरावांच्या पत्नी' म्हणूनच.

नाटककाराच्या दृष्टीने सावित्रीबाईंचे आयुष्य विलक्षण आहे. 1848 मध्ये पुण्यात मुलींची शाळा, 1854 मध्ये 'काव्यफुले', 1856 ते 1877 या काळात जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रे. त्यांतल्या 1868 च्या पत्रात वेगवेगळ्या जातींच्या एका जोडप्याला गावकऱ्यांच्या हातून वाचवल्याची हकिकत आहे. 1877 चे पत्र जुन्नर भागातल्या दुष्काळाचे आहे. जोतीराव 1890 मध्ये गेले तेव्हा अंत्ययात्रेत टिटवे धरून त्या स्वतः पुढे चालल्या. 1897 च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करतानाच त्यांचा अंत झाला. अशा आयुष्यावर नाटक लिहिताना मोह होतो तो पुतळा उभा करण्याचा. देशपांडे यांची सावित्रीबाई मात्र पुतळ्यासारखी बोलत नाही. ती गावाकडच्या बोलीत, घरच्या माणसांशी बोलावे तशी बोलते. नाटकाचे खरे यश या आवाजात आहे. पुढे त्यांनी ते हिंदीतही केले.

'तिच्या आईची गोष्ट अर्थात माझ्या आठवणींचा फड' या दुसऱ्या एकपात्रीसाठी त्या तमाशा आणि लावणीच्या क्षेत्रातील स्त्रियांकडे वळल्या. इथे ग्रंथालयाचा उपयोग थोडा. बायकांशी बसून बोलण्याला पर्याय नव्हता. सारंगखेड्यासारख्या यात्रांमुळे खान्देशाला तमाशाचे फड नवे नाहीत. पण फडावरच्या बाईला प्रेक्षक पाहतो तो रात्रीपुरता. तिचे घर, तिची मुले, तिच्या पैशाचा हिशेब कनातीच्या मागेच राहतो. या नाटकाचा विषय तोच आहे.

'बया दार उघड'मध्ये त्यांनी संत कवयित्रींना हात घातला. जळगाव जिल्ह्यातील वाचकाला या विषयाची वेगळी ओळख करून द्यायला नको. मुक्ताबाईंचे समाधिस्थान मुक्ताईनगर परिसरातले, आणि आषाढीसाठी तिथून निघणारी पालखी महिन्याभराहून अधिक चालून पंढरपूर गाठते. नंतर उर्मिला पवार यांच्या 'आयदान' या 2003 च्या आत्मकथनाचे देशपांडे यांनी रंगमंचीय रूप केले, तेव्हा निवेदन एकीकडे न ठेवता तीन अभिनेत्रींमध्ये वाटले : नंदिता धुरी, शिल्पा साने आणि शुभांगी सावरकर. सावित्रीबाईंची भूमिकाही त्यांनी पुढच्या अभिनेत्रींकडे सोपवली. एकपात्री नाटक सहसा त्याच्या नटाबरोबरच संपते, म्हणून हा निर्णय महत्त्वाचा. स्वतः लिहिलेली भूमिका दुसरीच्या तोंडी देणे कोणत्याही कलावंताला सोपे नसते. चित्रपटात त्यांची ठळक ओळख झाली ती देवाशिष मखिजा यांच्या 2017 च्या 'अज्जी'मुळे. अत्याचार झालेल्या नातीसाठी पेटून उठणारी आजी त्यांनी त्यात उभी केली.

खान्देशात हा सगळा प्रवास वेगळ्या अर्थाने वाचता येतो. स्त्रीभूमिकांचे शिखर मानले गेलेले बालगंधर्व लहानपणी जळगावात गाणे शिकले, आणि शहरातल्या खुल्या नाट्यगृहाला त्यांचेच नाव आहे. पुरुषाने बाई रंगवण्याच्या त्या परंपरेपासून बाईने स्वतः लिहून स्वतः बोलण्यापर्यंतचे अंतर मराठी रंगभूमीने एका शतकाच्या आत कापले. जळगावच्या 'परिवर्तन' संस्थेने 'नली' हे हर्षल पाटील सादर करत असलेले एकलनाट्य उभे केले, त्यामुळे एकट्या कलावंताचे नाटक पाहण्याची सवय इथल्या प्रेक्षकाला आहे. विषयांनाही तोटा नाही. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. त्यांच्या ओव्या घरच्यांनी टिपून ठेवल्या आणि 1952 मध्ये पुस्तकरूपाने आल्या. हे नाटकच आहे. धुळे भागातील स्वातंत्र्यसैनिक लीलाताई पाटील यांचे 1942 च्या लढ्यातले आयुष्य पूर्ण प्रयोगाला पुरून उरेल. अहिराणी आणि लेवा बोलीत लिहिणाऱ्या, बोलणाऱ्या अभिनेत्रींनी हे विषय बाहेरच्या लेखकाची वाट न पाहता हाती घ्यावेत, आणि महाविद्यालयांनी व नाट्यसंस्थांनी त्यांना पहिल्या प्रयोगासाठी जागा द्यावी.