अंगठा उडतो तेव्हा

खुर्चीत बसलेल्या माणसाचा उजवा हात मांडीवर सैल पडलेला आहे. डोक्याच्या डाव्या बाजूला, कानाच्या वर, तारेचं एक वेटोळं टेकवलेलं, आकार इंग्रजी आठच्या आकड्यासारखा. ‘टक्’ असा आवाज होतो आणि उजव्या हाताचा अंगठा टुणकन उडतो. त्याने तो हलवलेला नसतो.

१९८५ साली इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूवर असा प्रयोग यशस्वी केला. त्याआधी, १९८०मध्ये मर्टन आणि मॉर्टन यांनी डोक्यावरून थेट वीज देऊन स्नायू हलवले होते. पण कवटी विजेला अडवते. जास्त विद्युतदाब द्यावा लागतो आणि टाळूला चांगलंच दुखतं. वेटोळ्याच्या चुंबकीय क्षेत्राला मात्र हाडाची अडचणच नाही.

चेतापेशीला चुंबक कळत नाही, तिला वीज कळते. वेटोळ्यातून एक सहस्रांश सेकंदापेक्षाही कमी वेळ प्रचंड प्रवाह सोडला, की एक-दोन टेस्लाचं क्षेत्र उसळतं आणि विरतं. बदलत्या क्षेत्रातून वीज निर्माण होते, हे फॅरेडेने १८३१मध्येच दाखवलं होतं. मेंदू ओला, खारट; त्यात ती वीज वाहते. पेशीच्या आत बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्ट कमी विद्युतदाब असतो. हा फरक पुरेसा घटला, की पेशीची सोडियमची दारं उघडतात आणि पुढचा संदेश ती स्वतःच धाडते.

म्हणजे सारी किमया बदलाची. एमआरआयमध्ये माणूस दीड टेस्लाच्या क्षेत्रात निवांत पडून असतो, त्या स्थिर क्षेत्राने बोट हलत नाही. कधी अंगात टोचल्यासारखं वाटलंच, तर ते यंत्रातल्या झपाट्याने बदलणाऱ्या क्षेत्रांमुळे. दुखण्यावर म्हणून विकल्या जाणाऱ्या चुंबकाच्या कड्यांना या शास्त्राचा आधार नाही, हे मला स्पष्ट सांगावंसं वाटतं.

औषधांनी न हटणाऱ्या नैराश्यावर अशा चुंबकीय स्पंदनांच्या उपचाराला अमेरिकेत २००८मध्ये मान्यता मिळाली. कपाळाच्या डाव्या भागावर काही आठवडे स्पंदनं देतात. भूल लागत नाही, रुग्ण जागा असतो. गुण सगळ्यांनाच येतो असं नाही. क्वचित फिट येण्याचा धोकाही असतो. डोक्यात धातूचं उपकरण असेल, तर डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं.

आणि मात्रा? प्रत्येकाची कवटी वेगळी, मेंदूपर्यंतचं अंतर वेगळं. म्हणून आधी अंगठा बघतात. दहापैकी पाच वेळा तो हलेल, इतकी कमीत कमी ताकद शोधायची आणि तिच्यावरून उपचाराची ताकद ठरवायची.