सायखेड्याची पोरं विज्ञानाच्या भेटीला



सायखेड्याहून प्राथमिक शाळेची सहल मुंबईला निघाली, तेव्हा आम्हीही सोबत गेलो. वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र पाहायचे होते. तेथील विज्ञान उद्यान 1979 साली सुरू झाले. केंद्राचे उद्घाटन 11 नोव्हेंबर 1985 रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाले. नुसते बघायचे नाही, हात लावून करून पाहायचे, हीच तिथली रीत.

कप्पीपाशी चौथीतली एक पोर आम्हालाच विचारती झाली, “आजोबांच्या मोटेच्या चाकानं जोर वाचायचा का हो?” आम्ही बेधडक ‘हो’ म्हणालो. चुकलो! एकच स्थिर कप्पी फक्त ओढीची दिशा बदलते. जोडीला हलती कप्पी असेल तर जोर निम्मा लागतो, पण दोर दुप्पट ओढावा लागतो. फुकट काहीच नाही!

तिच्या वर्गातल्या तिघी मात्र घरीच राहिल्या. कारण एकच : “पोरीला काय करायचंय मुंबई बघून?”

मंडळी, बेण्यात काटकसर केली तर खोडवाही साधत नाही. पुढच्या सहलीला पोराबरोबर पोरीलाही धाडा.